विरजण संपलं

दुपारी भाकरीबरोबर दही खाता खाता वाटीचा तळ लागला. बोटानं पुसून खाऊनही झालं आणि मग ध्यानात आलं, विरजण ठेवायचं राहिलं. ओट्यावर म्हशीचं दूध निवत होतं, सकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावरनं म्हैस समोर उभी करून आणलेलं. बायको संध्याकाळी आली की पहिला प्रश्न काय विचारणार, हे मला माहीत होतं.

आमच्या घरात विरजणाला खानदान होतं. आज्जीला ते तिच्या सासूच्या गाडग्यातून मिळालं, सासूला तिच्या सासूकडून. लहानपणी मी तिला छळायचो.

"आणि तिला कुणी दिलं?"

"तिच्या सासूनं."

"आणि सगळ्यात पहिल्या सासूला?"

आज्जीनं रवी थांबवली. "पहिल्या सासूला सासूच नव्हती. म्हणून तर सुखात होती बाई."

पुढं कॉलेजात कळलं, या प्रश्नानं भल्याभल्यांना छळलंय. पाश्चरनं १८६०च्या सुमारास हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत मटणाच्या पाण्यासारखं काहीबाही उकळून ठेवलं. हवेतले जंतू नळीच्या वाकणातच अडकले आणि महिने गेले तरी ते नासलं नाही. जीव जीवापासूनच येतो, म्हणजे विरजणाशिवाय दही नाही. आज्जीला हे चंबूशिवाय ठाऊक होतं. पण मग पहिलं?

१९२४ साली रशियात ओपारिननं आणि १९२९ साली इंग्लंडात हाल्डेननं साधारण एकच गोष्ट सुचवली. जीव नव्हते तेव्हाच्या समुद्रात साध्यासुध्या रसायनांपासून हळूहळू गुंतागुंतीची रसायनं होत गेली असतील. हाल्डेन त्या समुद्राला गरम पातळ सूप म्हणाला. हे वाचून कोल्हापूरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर रस्सा आला तर त्याला इलाज नाही. (हा हाल्डेन पुढं भारतातच येऊन राहिला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. कोल्हापूरला कधी जेवला का, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही.)

मग १९५२ साली शिकागोत स्टॅन्ली मिलर नावाच्या बावीस वर्षांच्या पोरानं ते सूप खरंच चुलीवर ठेवलं. एका चंबूत पाणी उकळत, वरती मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन, आणि विजेच्या म्हणून आठवडाभर ठिणग्या. पाणी आधी गुलाबी झालं, मग तांबडं. तपासलं तर त्यात ग्लायसिन, अलानिन, अशी प्रथिनांतली अमिनो आम्लं. पुढं लोक म्हणाले, पृथ्वीवरची तेव्हाची हवा बहुधा अशी नव्हतीच. ते असू दे. माझं म्हणणं वेगळंच आहे. तांबडा रस्सा झाला, पण दही काही लागलं नाही.

आणखी एक गंमत. अमिनो आम्लं डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली रूपं असतात. मिलरच्या चंबूत डावी आणि उजवी सारखीच निघाली. आपल्या प्रथिनांत मात्र, ग्लायसिन सोडलं तर, सगळी डावीच. माझ्यात, त्या कट्ट्यावरच्या म्हशीत, दह्यातल्या जंतूत, सगळीकडं तोच एक हात. पेशींतली सांकेतिक लिपीसुद्धा जवळजवळ एकच. म्हणजे कुणीतरी कुठंतरी एकदाच लावलं आणि तेच वाट्यावाट्यांनी साडेतीनशे कोटी वर्षं घरोघर फिरतंय.

आमचं खानदान मात्र २०१९च्या पुरात तुटलं. शुक्रवार पेठेत पाणी शिरलं तेव्हा आम्ही आज्जीला उचलून राजारामपुरीत आत्याकडं नेलं. गाडगं मागं राहिलं, परत आलो तर त्यात गाळ. आत्यानं आपलं विरजण देऊ केलं. आज्जीनं नाक मुरडलं, "तुझं आंबट असतंय." तिनं कोमट दुधात देठांसकट दोन हिरव्या मिरच्या सोडल्या आणि वर ताटली झाकली. सकाळी दही! जरा तार धरणारं, पण दही. त्यातलंच विरजण घालून दुसऱ्या दिवशी लावलं ते अगदी कवडी.

मी हरखलो. विरजणावाचून दही! मग आठवलं, जंतू मिरचीच्या देठावर आधीपासून असतात. म्हणजे देठालाही सासू होतीच.

या विचारात दिवस कधी मावळला कळलं नाही. वाटी घेऊन शेजारच्या काकूंकडं गेलो.

"आत्ताच दिवा लावलो रे," काकू म्हणाल्या. "आता विरजाण द्यायचं नसतंय. सकाळी ये जा."

घरी येऊन फ्रीज उघडला. मिरच्या चांगल्या पावशेर होत्या. टिकाव्यात म्हणून बायकोनं सगळ्यांची देठं खुडून ठेवली होती.