सेवेत वळण घेण्याची तयारी

सुवार्तासेवेसाठी स्वतःला वाहून घेणाऱ्या तरुणांशी बोलताना एक गोष्ट मला वारंवार जाणवते. देवाने आपल्याला बोलावले आहे याविषयी त्यांच्या मनात शंका नसते. पण त्या पाचारणाबरोबर गावाचे, कामाचे आणि त्या कामातील स्वतःच्या स्थानाचे एक पुरते चित्रही त्यांनी मनाशी धरलेले असते, आणि प्रत्यक्षात काही निराळे पुढे आले की पाचारणच खोटे होते की काय, असे त्यांना वाटू लागते. अशा वेळी मी त्यांना अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे मराठी मुलखात काम करणाऱ्या अमेरिकन ख्रिस्ती मिशनच्या, आरंभीच्या माणसांविषयी सांगतो. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना योजलेले काम योजल्या रीतीने करता आले.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१२ मध्ये अमेरिकेहून निघाले तेव्हा मुंबई हे त्यांचे ठरलेले ठिकाण नव्हते. कलकत्त्याला पोहोचताच ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईला आले, तर त्यांना इंग्लंडला धाडून देण्याचा आदेश त्यांच्या मागोमाग येऊन थडकला. मध्यंतरी ते मुंबई सोडून कोचीनपर्यंत गेले आणि तेथून त्यांना परत यावे लागले. त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूवेल यांच्या वाट्याला तर याहून कठीण प्रसंग आला. हिंदुस्थानात राहू न दिल्यामुळे ते पत्नी हॅरिएटसह मॉरिशसकडे निघाले. वाटेत जहाजावर जन्मलेले बाळ दगावले आणि मॉरिशसला पोहोचल्यावर, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, हॅरिएटही गेली. न्यूवेल तेथून सिलोनला गेले आणि १८१४ मध्ये मुंबईत हॉल यांना येऊन मिळाले. दुःखाने मोडलेल्या त्या माणसाने परतीचे जहाज धरले असते तर त्याला कोणी बोल लावला नसता.

या सगळ्या अनिश्चिततेत हॉल मराठी शिकत होते. उद्या आपल्याला येथे राहू देतील की नाही हे ठाऊक नसताना एखाद्या भाषेसाठी रोजचे तास खर्च करणे, यातील श्रद्धेचे मला फार मोल वाटते. त्याच वेळी ते गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना पत्रे लिहून त्यांच्या सद्‌सद्विवेकबुद्धीला आवाहन करत होते. गाव बदलले, मार्ग बदलला, सोबती बदलले. पण ज्या आज्ञेसाठी घर सोडले ती सोडायला ते तयार झाले नाहीत. परिस्थितीपुढे वाकणारा माणूस आणि परिस्थितीबरोबर वाहून जाणारा माणूस दुरून सारखेच दिसतात, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

हॉल यांचा शेवटही असाच झाला. मार्च १८२६ मध्ये ते नाशिक आणि त्र्यंबकच्या बाजूला प्रचारदौऱ्यावर गेले, तेव्हा तेथे पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, थैमान घातले होते. त्यांनी जवळची औषधे रोग्यांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकीने गाठले. उपदेशासाठी निघालेल्या माणसाने त्या दिवसांत औषध देणे हीच आपली सेवा मानली. माझ्या मते त्यांच्या साऱ्या प्रवचनांत हे एक प्रवचन ठळक आहे.

सिंथिया फरार यांची गोष्ट शांत आहे, पण मला ती अधिक जवळची वाटते. १८२७ मध्ये एक अविवाहित स्त्री अमेरिकेहून मुंबईला येते आणि मुलींच्या शाळा सांभाळते. प्रकृतीच्या कारणाने तिला मायदेशी जावे लागते आणि १८३९ मध्ये ती परत येते, तेव्हा तिचे काम मुंबईऐवजी अहमदनगरला असते. पुन्हा नवे गाव, पुन्हा ‘मुलीला शाळेत पाठवा’ म्हणून नव्या घरांची मनधरणी. तेथेच १८६२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अहमदनगरच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. फरार मुंबईलाच अडून बसल्या असत्या तर काय झाले असते, हे सांगता येणार नाही; पण त्या अडून बसल्या नाहीत, एवढे आपल्याला माहीत आहे.

बायबलातील प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौलाला बिथुनिया प्रांतात जायचे असते आणि आत्मा त्याला जाऊ देत नाही. मग त्रोवसात त्याला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो. पुढे फिलिप्पैत त्याला पहिल्याप्रथम भेटतात त्या नदीकाठी जमलेल्या स्त्रिया. बोलावणारा पुरुष दिसला होता आणि ऐकायला त्या स्त्रियांपैकी लुदिया बसली होती, हे मी प्रत्येक वेळी नव्याने वाचतो.

परदेशी मिशनऱ्यांनाच हे शिकावे लागले असे नाही. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले, आणि १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची स्वतंत्र बंधुता सुरू केली. एवढी वर्षे जी चौकट त्यांना आधार देत होती, तीच सेवेच्या आड येते असे वाटताच त्यांनी ती उतरवून ठेवली. पुढे दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले.

आमच्या भागात साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर काही मंडळ्या आपली पथके पाठवतात. सकाळची प्रार्थनासभा ठरवून गेलेल्या पथकाला तेथे रिकामा तळ दिसतो, कारण बायाबापडे पहाटेच फडात गेलेले असतात आणि मागे राहतात ती लहान मुले आणि त्यांना सांभाळणाऱ्या, स्वतःही लहानच असलेल्या मुली. मी पाहिलेल्या एका पथकाने सभेचा आग्रह सोडला, दिवसभर मुले सांभाळली, त्यांना अक्षरे गिरवायला दिली, आणि प्रार्थना रात्री, भाकरी झाल्यावर, ज्यांना बसावेसे वाटले त्यांच्यासोबत केली. पुढच्या हंगामात जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी मुकादमाला नव्हे, तर त्या बायांनाच विचारावे की तुम्हाला कोणत्या वेळी आणि कशासाठी माणसे हवी आहेत, आणि त्यांचे उत्तर ऐकून मगच पथकात कोण असावे ते ठरवावे.