बसून राहण्याचे चित्रीकरण

युद्धाचे चित्रीकरण करणे जिवावरचे काम असते, पण दृश्यांची वाण तिथे कधी पडत नाही. स्फोट, धूर, जीव घेऊन पळणारी माणसे हे सारे कॅमेऱ्यासमोर न मागता घडते आणि पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. एखाद्या मैदानात शेकडो बायका दिवसचे दिवस उन्हापावसात नुसत्या बसून आहेत, हे दृश्य मात्र कोण टिपणार आणि किती वेळ टिपणार? युद्ध, निर्वासित आणि अहिंसक चळवळी या विषयांवरचे माहितीपट मी बरीच वर्षे पाहत आले आहे, आणि दर वेळी मन या प्रश्नापाशी येऊन अडते.

हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट कळला तो 'प्रे द डेव्हिल बॅक टू हेल' (२००८) या माहितीपटामुळे. लायबेरियातील दुसरे यादवी युद्ध १९९९ मध्ये सुरू झाले. २००३ मध्ये ते राजधानी मनरोव्हियाच्या वेशीपर्यंत येऊन ठेपले, तेव्हा लेमा ग्बोवी या कार्यकर्तीच्या पुढाकाराने ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका शांततेची मागणी करत पांढरे कपडे घालून मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज बसू लागल्या. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा ताफा त्याच रस्त्याने जात असे. पुढे घानाची राजधानी आक्रा येथे सरकार आणि बंडखोर यांच्यात वाटाघाटी सुरू झाल्या आणि आठवडेच्या आठवडे रेंगाळल्या, तेव्हा या बायकांनी तिथे जाऊन सभागृहाचे दरवाजे अडवले आणि आतल्या मंडळींना बाहेर पडू द्यायचे नाही असा पवित्रा घेतला. सुरक्षारक्षक अटक करायला आले, तेव्हा ग्बोवी यांनी स्वतःचे कपडे उतरवण्याची धमकी दिली. आईच्या जागी असलेल्या बाईने असे विवस्त्र होणे हा त्या भागात पाहणाऱ्यांना लागणारा शाप मानला जातो, त्यामुळे रक्षक मागे सरले. ऑगस्ट २००३ मध्ये शांतता करार झाला. ग्बोवी यांना २०११ चे नोबेल शांतता पारितोषिक विभागून मिळाले.

गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, पण चित्रपट करायला घेतला तेव्हा या बायकांचे जुने चित्रीकरण फारसे सापडेचना. त्या काळात लायबेरियात कॅमेरे पुष्कळ फिरत होते, पण ते बंदुका घेतलेल्या पोरांच्या मागे. म्हणून या चित्रपटाचा मोठा भाग त्या बायकांनी कॅमेऱ्याकडे पाहून सांगितलेल्या आठवणींवर उभा आहे. खुर्चीत बसून बोलणारी माणसे एकामागून एक दाखवणाऱ्या माहितीपटांचा मला एरवी कंटाळा येतो. इथे तो आला नाही, कारण जे कोणी टिपलेच नाही ते सांगण्याखेरीज त्यांच्यापुढे मार्गच नव्हता.

खरे तर अहिंसक लढ्याला साक्षीदाराची गरज युद्धापेक्षा कितीतरी जास्त असते. कोणी पाहो न पाहो, बंदूक आपले काम करते. मुकाट्याने खाल्लेला मार मात्र कोणाच्या दृष्टीस पडलाच नाही, तर त्याचे बळ निम्मे उरते. मे १९३० मध्ये धरासणा येथे मिठागराकडे रांगेने चालत जाणाऱ्या सत्याग्रहींवर लाठ्या पडत होत्या, आणि त्यांनी हातही वर केला नाही हे जगाला कळले ते वेब मिलर या अमेरिकन वार्ताहराच्या वृत्तांतामुळे. तो तिथे नसता तर ते सत्याग्रही काही कमी शूर ठरले नसते, पण सरकारला उत्तर देण्याची निकड भासली नसती.

'फाइव्ह ब्रोकन कॅमेराज' (२०११) या चित्रपटात साक्षीदार बाहेरून आलेला नाही. इस्रायलच्या ताब्यातील वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या बिलइन गावचे इमाद बर्नात यांनी २००५ मध्ये धाकट्या मुलाच्या जन्माच्या वेळी कॅमेरा घेतला. त्याच सुमारास गावाच्या शेतजमिनीतून जाणाऱ्या इस्रायली कुंपणाविरुद्ध दर शुक्रवारी निदर्शने होऊ लागली आणि घरगुती चित्रीकरणात चळवळ मिसळून गेली. एकामागून एक पाच कॅमेरे फुटले. त्यांतल्या एकाने तर बर्नात यांच्या वाट्याची गोळी स्वतःवर घेतली. सहदिग्दर्शक गाइ दाविदी हे इस्रायली आहेत, त्यामुळे ऑस्करच्या नामांकनानंतर हा चित्रपट नक्की कोणत्या देशाचा यावर बराच वाद झाला. तो मला निरर्थक वाटतो. मनात राहतो तो मुलगा, जो त्या पाच कॅमेऱ्यांच्या आयुष्यातच बोलायला शिकतो आणि ज्याच्या पहिल्यावहिल्या शब्दांत कुंपण आणि सैन्य यांचे शब्द येतात. कुंपणाचा मार्ग बदलावा असा निकाल इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला. प्रत्यक्षात ते २०११ मध्ये हलले. मधल्या चार वर्षांत गावकरी दर शुक्रवारी जातच राहिले, आणि तेच ते पुन्हा पुन्हा दिसते ही काही प्रेक्षकांची तक्रार मला या चित्रपटाची खरी ताकद वाटते.

निर्वासितांच्या बाबतीत मात्र हे गणित उलटे होते. तिथे दिसणे हाच धोका असतो. 'फ्ली' (२०२१) या चित्रपटातील अफगाण माणसाचे नाव बदललेले आहे आणि त्याची कथा ॲनिमेशनमधून सांगितली आहे, त्यामुळे त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. त्यात एक प्रसंग असा आहे की समुद्रात अडकलेल्या निर्वासितांच्या बोटीजवळ एक भलेमोठे प्रवासी जहाज येऊन थांबते. बोटीतल्यांना वाटते, आता सुटलो. वर कठड्याशी उभे असलेले पर्यटक त्यांचे फोटो काढू लागतात, आणि ज्याची ही गोष्ट आहे त्याला त्या क्षणी सुटकेच्या आनंदाऐवजी लाज वाटते. हा प्रसंग पाहिल्यापासून निर्वासितांनी भरलेल्या बोटींची हवाई दृश्ये, ती कितीही सुंदर असली तरी, मला नीट पाहवत नाहीत.

'मिडनाइट ट्रॅव्हलर' (२०१९) मध्ये तर फोटो काढणारा आणि पळणारा एकच आहे. तालिबानच्या धमक्यांमुळे अफगाणिस्तान सोडावे लागलेले दिग्दर्शक हसन फाझिली यांनी पत्नी आणि दोन मुलींसह युरोपपर्यंत केलेला प्रवास घरच्यांनीच तीन मोबाइल फोनवर चित्रित केला. वाटेत एकदा त्यांची मुलगी दिसेनाशी होते. अंधारात तिला शोधत असताना, हे केवढे प्रभावी दृश्य होईल, असा विचार क्षणभर दिग्दर्शक म्हणून आपल्या मनात येऊन गेला आणि त्या विचाराची स्वतःलाच किळस आली, असे ते निवेदनात कबूल करतात. मुलगी पुढे सुखरूप सापडते. तिला शोधण्याचा तो प्रसंग मात्र आपल्याला दिसत नाही. तो फक्त बापाच्या आवाजात ऐकू येतो.