शंभर किलोच्या वरचा माणूस आणि कयाक

कुंडलिका नदीत पहिल्या दिवशी माझी कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची अरुंद होडी, चार वेळा उलटली, आणि चारही वेळा मागच्या टोकाकडनं. सकाळी भिरा वीजकेंद्रातनं पाणी सुटलेलं, प्रवाह झकास, आणि मी एडीतनं, म्हणजे दगडाआडच्या संथ पाण्यातनं, बाहेर पडलो की बाजूचं पाणी मागच्या भागावर चढायचं आणि खेळ खलास. मला वाटायचं माझं टेक्निक कच्चं आहे. ते होतंच, पण निम्मं दुखणं कयाकचं होतं हे कळायला एक अख्खा सीझन गेला.

माझं वजन १०८ किलो. आमच्या कोल्हापुरात एवढ्या वजनाच्या माणसाकडं कुणी वळून बघत नाही, तालमीत तर कौतुकच होतं. पण ती सेकंडहँड घेतलेली कयाक साधारण २३० लिटरची, म्हणजे तिचं एकूण आकारमान तेवढं, आणि कंपनीच्या वजनाच्या चार्टवर वरची मर्यादा १०० किलो लिहिलेली. मी म्हटलं आठ किलोनं काय होतंय, होतंय की! लाइफ जॅकेट, हेल्मेट, ओले कपडे, थ्रो बॅग (बुडणाऱ्याकडं फेकायची दोरीची पिशवी) धरून सात किलो वाढतात, कयाक स्वतः वीसची. सगळे १३५ किलो, म्हणजे १३५ लिटर पाण्याखाली आणि वर राहिले फक्त ९५. आता तीनशे लिटरची घेतलीय, तिचं स्वतःचं वजन दोन किलो जास्त आहे, तरी १६३ लिटर पाण्यावर राहतात. तोच माणूस, तीच नदी, पण मागचं टोक आता पाण्यात घुसतच नाही.

म्हणून भावांनो, चार्टवरच्या शेवटच्या आकड्याला लटकू नका, तुमचं सामानासकट वजन मधल्या भागात बसलं पाहिजे. आणि नावातल्या आकड्यांनी फसू नका, लिक्विडलॉजिक रीमिक्स ७९ मधला ७९ म्हणजे गॅलन, साधारण ३०० लिटर, पण डॅगर मांबा ८.६ मधला आकडा लांबीचा, फुटातला.

तरंगणं एक आणि आत मावणं वेगळं. नदीतले बूट घालूनच बसून बघा, मला ११ नंबर लागतो आणि दोन कयाक तर पायाच्या जागेपायीच सोडल्या. मांड्या घट्ट धरल्या गेल्या पाहिजेत पण उलटल्यावर एका झटक्यात बाहेर येता आलं पाहिजे, हे आधी पोहण्याच्या टँकमध्ये कुणीतरी शेजारी उभं असताना करा. सीट मागंपुढं सरकवून बघा, माझं वजन छातीखांद्यात जास्त, सीट दोन बोटं पुढं घेतली तेव्हा कयाक सरळ बसली. स्प्रे स्कर्ट, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालायचं झाकण, घेताना कमरेचं माप वेगळं आणि कॉकपिटचं, म्हणजे बसायच्या तोंडाचं, वेगळं बघायचं.

घरी उन्हात ठेवू नका, प्लास्टिक कडक होऊन तडकतं. मी कडेवर उभी करून पट्ट्यात ठेवतो. आपल्या वजनानं सीटखालचा भाग दगडावर घासून लवकर पातळ होतो, तिथं हात फिरवत जा, आणि सीटचे बोल्ट दर ट्रिपला आवळा.

एक कळकळीनं सांगतो. पंचगंगेला पाणी चढलं की पोरं कयाक घेऊन राजाराम बंधाऱ्याकडं जायचं म्हणतात. नका जाऊ. बर्गे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असतात तेव्हा खांबांमधनं पाणी ओढून घेतं, आणि वरनं पाणी पडत असलं तर खालचं उलटं फिरून माणसाला परत भिंतीकडं आणतं. तिथं तीनशे लिटर पण वाचवत नाहीत.

जुनी कयाक पन्हाळ्याकडच्या एका पोरानं नेली. वजन ६२. परवा व्हिडिओ पाठवला त्यानं, त्याच्याखाली लई भारी तरंगतीया.