बुनुबांच्या भूमीतील घळई आणि गुहा

डर्बी गाव सोडून गिब रिव्हर रोडला लागल्यावर काही अंतर डांबराची सोबत असते; पुढे तांबड्या मातीचा, पत्र्यासारख्या वळ्या पडलेला रस्ता सुरू होतो. वायव्य ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली प्रदेशातील सुमारे ६६० किलोमीटर लांबीचा हा रस्ता मुळात गुरांच्या वाहतुकीसाठी झाला. पावसाळ्यात तो बंद असतो, म्हणून आम्ही जुलै महिना निवडला होता. टायरमधील हवा थोडी कमी केली, पिण्याचे पाणी पुन्हा एकदा मोजले आणि निघालो.

दुपारी सपाट माळरानातून नेपियर रांगेची करडी भिंत एकाएकी समोर आली. लाव्हारसाच्या थरांचा सह्याद्री पाहत मी वाढलो. तिथला काळा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. ही भिंत मात्र चुनखडकाची असून तिचे वय ३५ कोटी वर्षांहून अधिक आहे. डेव्होनियन काळात येथे उथळ, उबदार समुद्र होता आणि शैवाल व आज नामशेष झालेल्या स्पंजसदृश जीवांनी त्यात ही भित्तिका रचली. समुद्र गेला, भित्तिका राहिली.

लेनार्ड नदीने ही रांग कापून जी घळई तयार केली आहे, तिला या भागातील आदिवासी बुनुबा लोक बंदिल्ङन म्हणतात; नकाशांवर विंडजाना हे नाव आढळते. साडेतीन किलोमीटरच्या या घळईत कडे काही ठिकाणी शंभर मीटरपर्यंत चढतात. कोरड्या ऋतूत नदीचे डोह उरतात आणि त्यांच्या काठी निमुळत्या तोंडाच्या गोड्या पाण्यातील मगरी ऊन खात पडलेल्या असतात. त्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत, तरीही आम्ही अंतर राखूनच चाललो.

खरी ओढ होती ती तेथून ३५ किलोमीटरवरील टनेल क्रीकची, म्हणजे दिमालुरूची. येथे ओढ्याने रांगेच्या पोटातूनच सुमारे ७५० मीटरचा बोगदा कोरला आहे. तोंडाशी पडलेल्या प्रचंड शिळांवरून उतरून आत गेलो, तेव्हा पहिल्या पन्नास पावलांतच उजेड संपला. विजेरीच्या प्रकाशात लवणस्तंभ दिसत होते, डोक्यावर वटवाघळांची हालचाल जाणवत होती आणि थंडगार पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, एके ठिकाणी त्याहूनही वर चढले. मध्यावर छत कोसळलेले आहे. तेथे वरून येणाऱ्या उन्हात झाडांची मुळे भिंतीवरून खाली लोंबताना दिसली आणि आम्ही तिथेच बराच वेळ बसून राहिलो.

याच गुहेचा आसरा जंदमारा या बुनुबा तरुणाने घेतला होता. गुरांच्या तळावर वाढलेला हा तरुण पोलिसांसाठी माग काढण्याचे काम करीत असे आणि साखळदंडांत बांधले जाणारे कैदी त्याच्याच समाजातील होते. १८९४ मध्ये त्याने आपल्या सोबतच्या पोलिसावर गोळी झाडून त्या कैद्यांना मुक्त केले. पुढे जवळजवळ अडीच वर्षे तो वसाहतवाल्यांशी लढत राहिला आणि १ एप्रिल १८९७ रोजी येथेच मारला गेला. त्याला टिपणारा, दुसऱ्या भागातून आणलेला माणूसही आदिवासी माग काढणाराच होता. काळोखात पाण्यातून चाचपडत चालताना जंदमाराला या दगडांचा कोपरा न् कोपरा ठाऊक असणार, हे मनातून जात नव्हते. ही गुहा केवळ भूगर्भशास्त्राचा नमुना म्हणून पाहू नये, बुनुबा वाटाड्याबरोबर पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसऱ्या दिवशी फिट्झरॉय नदीवरील गीकी घळईत, म्हणजे दंगूमध्ये, नावेतून फिरलो. खडक तोच, पण पाण्यापासून कित्येक मीटर उंचीपर्यंत तो पांढराशुभ्र धुतलेला आणि त्यावर तांबूस-करडा. दरवर्षीच्या पुराने ओढलेली ही रेघ. जानेवारी २०२३ मध्ये याच नदीने फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूल मोडला होता. परतताना आम्ही त्याच वर्षाअखेरीस खुल्या झालेल्या नव्या पुलावरून गेलो, तेव्हा खाली वाळूच्या विस्तीर्ण पात्रात पाण्याची एक बारीक धार वाहत होती.