"मॅडम, आता श्वास द्या"

सहा वर्षांची मुलगी होती. महिनाभर खोकला आणि अधूनमधून ताप. न्यूमोनिया समजून औषधं देऊन झाली, तेव्हा कुठे एक्स-रे निघाला. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात कंपासनं काढावा तसा पांढरा गोल. सीटी स्कॅनमध्ये कळलं, आत नुसतं पाणी आहे. सात सेंटिमीटरची हायडॅटिड सिस्ट, म्हणजे फीतकृमीमुळे होणारी पाण्याची गाठ.

मी भूलतज्ज्ञ आहे. एरवी सर्जनचे हात चालू असतात आणि मी पडद्याच्या अलीकडे मूल सांभाळत असते. या ऑपरेशनचा ऐन क्षण मात्र माझ्या हातात असतो, म्हणून आज लिहितेय.

आदल्या संध्याकाळी तिच्या आजीनं मला थांबवून विचारलं, "पाणीच आहे ना? मग सुई घालून काढून घ्या की. एवढ्याशा पोरीची छाती कशाला उघडता?" प्रश्न अगदी रास्त होता. यकृतातल्या काही गाठींवर औषधाच्या आधारानं सुईचा उपाय करतातही. पण फुफ्फुसातली गाठ बाहेरून टोचायची नाही. त्या नितळ पाण्यात फीतकृमीची बारीक पिल्लं असतात. पाणी छातीत पाझरलं, तर तिथे नव्या गाठी उगवू शकतात. शिवाय शरीर त्या पाण्यावर इतकं भडकू शकतं की रक्तदाब क्षणात कोसळतो. अल्बेंडाझोल हे कृमींवरचं औषध आधी सुरू करावं, तर त्यानं गाठीचं आवरण कमकुवत होतं आणि मोठी गाठ आतल्या आत फुटायची भीती. ते आम्ही ऑपरेशननंतर देतो.

भूल देताना माझ्या ट्रेमध्ये ॲड्रिनॅलिन, म्हणजे कोसळलेला रक्तदाब सावरणारं औषध, भरून तयार होतं. मुलीला डाव्या कुशीवर वळवलं, म्हणजे आजारी फुफ्फुस वर आणि चांगलं खाली. गाठ फुटून श्वासनळीत उघडली, तर सगळं पाणी खालच्या चांगल्या फुफ्फुसात उतरणार. मोठ्यांना दुहेरी नळी घालून दोन्ही बाजू वेगळ्या ठेवता येतात, पण इतक्या लहान श्वासनळीत ती मावत नाही. म्हणून उजव्या बाजूच्या वाटेत फुगा लावून ती बंद केली. तोवरचा प्रत्येक श्वास मी अगदी हलक्या दाबानं दिला.

सर्जननी फासळ्यांमधून छाती उघडली. गुलाबी फुफ्फुसावर एक फिकट, टणक चकती दिसत होती. तिच्याभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले मॉप, म्हणजे कापडी बोळे, रचले, म्हणजे थेंब सांडलाच तर तो तिथेच अडेल. मग वरची साल कापायला सुरुवात. ही साल किड्याची नसते, ती मुलीच्याच फुफ्फुसानं गाठीभोवती घातलेली भिंत असते. केसाकेसानं कापत गेल्यावर चिरेतून उकडून सोललेल्या अंड्यासारखा पांढरा पापुद्रा डोकावला.

"मॅडम, आता श्वास द्या."

मी फुगा सोडला आणि बॅग हळूहळू दाबली. पांढरं थोडं वर आलं. पुन्हा दाबली, आणखी वर. तिच्याच फुफ्फुसाची हवा त्या गाठीला बाहेर ढकलत होती. पाचव्या की सहाव्या श्वासाला ती अख्खी घरंगळून वाडग्यात पडली. न फुटता. इतकी वर्षं झाली, तरी त्या वेळी माझा स्वतःचा श्वास अडकलेलाच असतो.

दरवेळी असं होत नाही. कधी ती हातात फुटते. पुष्कळदा सर्जन मॉपच्या कड्यातच आधी पाणी ओढून घेतात आणि मग पापुद्रा काढतात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पाणी छातीत सांडलं नाही, हे महत्त्वाचं.

मागे उरलेल्या खड्ड्यात सलाइन ओतलं. मी श्वास दिला, तर तीन ठिकाणी बुडबुडे आले. श्वासनळीच्या बारीक फांद्या तिथे उघड्या होत्या. एकेक टाका घालून त्या बंद केल्या, बुडबुडे थांबेपर्यंत. मग खड्ड्याच्या भिंती टाक्यांनी एकत्र आणल्या. हे शेवटचं करावं की नाही, यावर सर्जनांत मतभेद आहेत. आमचे सर करतात. फुफ्फुसाचा तुकडा कापून टाकणं मात्र मुलांत होता होईतो टाळायचं. गाठीखाली चेपून निकामी वाटणारा भाग मुलांमध्ये फार छान फुलून येतो. त्या दिवशी मी तो डोळ्यांदेखत फुलताना पाहिला, निळसर करडा होता तो गुलाबी झाला.

हवा-पाणी बाहेर यायला छातीत ठेवलेली नळी काही दिवसांनी निघाली. घरी जाताना अल्बेंडाझोलबद्दल बजावलं: स्निग्ध जेवणाबरोबर द्या, कारण तसंच ते नीट शोषलं जातं, आणि यकृत व पांढऱ्या पेशींसाठी रक्त तपासत राहा.

आईला धाकट्याची काळजी होती, हिच्यामुळे त्याला होईल का? नाही. माणसाकडून माणसाला हे लागत नाही. अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून येतात आणि हातामार्फत तोंडात जातात. "मग कुत्रं सोडून देऊ?" आजीनं विचारलं. मुलीचा चेहरा पडला. मी सांगितलं, सोडू नका. पशुवैद्यांकडून त्याला नियमित जंतांचं प्राझिक्वांटेल द्या, मेंढी-बकरीचं कच्चं काळीज-फुफ्फुस त्याच्यापुढे टाकू नका, आणि त्याच्याशी खेळून झालं की साबणानं हात धुवायचे.

"मी धुईन," मुलगी म्हणाली. एका दमात, न खोकता.