जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० मध्ये एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन

इंजिन बसवणं सोपं, खरा दिवस जातो पेट्रोल आणि वायरिंगमध्ये. आजही तेच.

कार्ब्युरेटरच्या मेकॅनिकल पंपाचं प्रेशर जेमतेम ०.२-०.३ बार असतं, इंजेक्टरना साधारण ३ बार लागतं. म्हणून जुना रबरी पाइप ठेवायचाच नाही. इंजेक्शनसाठीचाच हाय-प्रेशर पाइप आणि त्याच्याच क्लिपा. जुन्या टाकीत नुसता इलेक्ट्रिक पंप टाकला तर पाव टाकी असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि गाडी गचके खाते. पंपाभोवती छोटी वाटी किंवा बॅफल (पेट्रोल हलू न देणारा आडवा पत्रा) हवंच. टाकीतला गंज आधी साफ करा, नाहीतर इंजेक्टर गेलेच म्हणून समजा.

हार्नेस (इंजिनच्या वायरिंगचा जुडगा) कापलेला घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी. इमोबिलायझरवाल्या (चुकीच्या किल्लीने इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीचं इंजिन असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), इमोबिलायझर आणि किल्ली एकाच गाडीची लागते. नाहीतर स्टार्टर फिरतो, इंजिन लागत नाही. इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी नवी टाका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट लीक असेल तर ऑक्सिजन सेन्सरला बाहेरची हवा लागते, ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो आणि दोष बिचाऱ्या इंजेक्टरवर येतो.

आणि हो, आरटीओची परवानगी आधी, आरसीवर नवा इंजिन नंबरही चढवून घ्या.