लेकीच्या पाठीवरचा केसांचा झुपका

माझ्या मुलीच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, जन्मापासून लांब केसांचा झुपका होता. सासूबाई म्हणायच्या, "लक्ष्मीची खूण हाय, असू दे." चौथ्या वर्षी तिचा डावा पाय बारीक दिसायला लागला, तळव्याची कमान उचलली गेली, त्याच पायातली चप्पल सारखी निसटायची. दिवसा कोरडी राहणारी पोर पुन्हा चड्डी ओली करू लागली. एका डॉक्टरांनी पायासाठी बूट लिहून दिले, पाठ कुणी बघितलीच नाही.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. त्यातल्या डॉक्टर मॅडमनी पाय बघितला आणि लगेच फ्रॉक वर करून पाठ बघितली. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाला चिठ्ठी दिली. तान्ह्या बाळाच्या मणक्यांची मागची बाजू मऊ असते, म्हणून पहिल्या काही महिन्यांत साध्या सोनोग्राफीतही मज्जारज्जूतला, म्हणजे कण्यातून जाणाऱ्या नसांच्या दोरीतला, दोष दिसू शकतो, हे मला तेव्हा कळलं. आता एमआरआयच हवा होता, तोही झोपेचं औषध देऊन.

एमआरआयमध्ये दिसलं: मज्जारज्जू एका ठिकाणी दुभंगलेला, मधे हाडाचा काटा. एरवी रज्जूचं टोक कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतं, हिचं बरंच खाली अडकलेलं. मूल वाढतं तसा कणा लांबतो आणि रज्जू ताणला जातो. सर्जन म्हणाले, "दावं तेवढंच आहे आणि वासरू पुढं ओढतंय." ताणानं नसांचा रक्तपुरवठा कमी होतो. त्यांनी पुढचंही स्पष्ट सांगितलं, "बारीक झालेला पाय भरेल अशी आशा धरू नका. आणखी बिघडू नये म्हणून ऑपरेशन." मला हे फार जड गेलं, पण त्यांनी खोटा धीर दिला नाही याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

रुग्णालयात सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड, आधार दिलं, ऑपरेशनच्या खर्चाला मंजुरी आली. ऑपरेशनच्या वेळी पायांच्या स्नायूंना तारा जोडून कोणती नस जिवंत आहे हे तपासत काम करतात. काटा काढला, टोक मोकळं केलं. नंतर तिला पालथं झोपवून ठेवायचं होतं, कारण जखमेतून मणक्यातलं पाणी झिरपण्याची भीती असते. ड्रेसिंग ओलं दिसतंय का, एवढंच मी बघत बसायचे.

खरी लढाई लघवीची निघाली. मूत्राशयाचं काम आणि त्यातला दाब मोजणाऱ्या युरोडायनॅमिक तपासणीत दिसलं की मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. साठलेल्या लघवीनं जंतुसंसर्ग होतो, दाब वाढला की किडनीवर जातं. म्हणून दर चार तासांनी लघवीच्या जागेतून नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. वॉर्डातल्या सिस्टरनी आधी हात धुवायला शिकवलं, मग आरशात जागा दाखवली, मग माझा थरथरणारा हात धरला. नळी लॅटेक्सची नको, हेही त्यांनीच बजावलं: या मुलांना वारंवार संपर्कानं रबराची ॲलर्जी होऊ शकते. दातांच्या दवाखान्यातसुद्धा हातमोज्यांबद्दल मी आधी सांगते.

उंची झपाट्यानं वाढते तेव्हा रज्जू पुन्हा अडकू शकतो. म्हणून पाठदुखी, वाकडी होणारी पाठ, चालण्यातला फरक यांवर मी लक्ष ठेवते, आणि काही वाटलं की पुढच्या तारखेची वाट बघत नाही. शाळेत बाईंनी शिक्षकांचं स्वच्छतागृह तिच्यासाठी खुलं केलंय. मधल्या सुट्टीत मी जाते, पण यंदा ती स्वतःच नळी घालायला शिकतेय.